पिवळ्या झाकणाची बाटली

माझ्या धाकट्या भावाने मला जवळजवळ मारलंच होतं. तेही चमच्याने, तेही लाडाने. हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा स्वतःशी म्हणून पाहिलं, पण दर वेळी अंगावर काटा येतो तो येतोच. अहो, पायाखाली मुंगी आली तरी उडी मारून बाजूला होणारा माणूस तो! त्याच्या हातून हे व्हावं? आणि झालं ते त्याला काही येत नव्हतं म्हणून नाही. त्याला फार येत होतं म्हणून झालं. हेच मला अजून पचत नाही.

आधी तो कोण ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल कुणी भोंदू होता.

धाकटा औषधशास्त्राच्या कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. गणितात तीनदा आपटला, तेव्हा मी ज्या बाईंचे कपडे शिवायची त्यांच्या ओळखीने त्याला तिथे फरशी पुसायला चिकटवला. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. फरशीवरून हा टेबलापर्यंत कधी पोचला, कुणालाच कळलं नाही. झाडांची पानं सावलीत वाळवायची, दळायची, चाळायची, मग उंच काचेच्या भांड्यात घालून तासन्‌तास त्यांचा अर्क काढायचा, तो डांबरासारखा दाट होईपर्यंत आटवायचा, सगळं तोच करतो. अर्क निघून गेल्यावर पानांचा जो चोथा उरतो, तो त्याच्या केसांत, भुवयांत, खिशात, कुठेही सापडतो. म्हणून पोरं त्याला 'चोथामामा' म्हणतात. मोठमोठ्या पदव्या घेणारी पोरं, पण अर्क जमला नाही की "मामा, जरा बघता का?" करत याच्यामागे. हा भांड्याला नाक लावतो आणि सांगतो, "आच जास्त झाली." घरी येऊन हे मला सांगताना त्याची छाती अशी फुगायची की शर्टाचं बटण मलाच लावून द्यावं लागायचं.

उंदरांचं कामही त्याच्याकडेच. उंदीर म्हणजे आपल्या घरातले चोर नव्हेत, पांढरे, लाल डोळ्यांचे, पिंजऱ्यात ठेवलेले. त्यांना इंजेक्शन देऊन आधी मधुमेह करायचा, मग रोज सकाळी टोकाला गोल मणी असलेल्या वाकड्या सुईने तोंडातून थेट पोटात औषध सोडायचं, आणि शेपटीच्या टोकाचा थेंब पट्टीवर घेऊन साखर मोजायची. कॉलेजातल्या निम्म्या लोकांना ते जमत नाही, उंदीर चावतो. याला एकदाही चावला नाही. "मी आधी त्यांची विचारपूस करतो," म्हणायचा.

आता माझं ऐका. आमच्या घरात साखर डब्यात कमी आणि रक्तात जास्त. आईचे डोळे त्यातच गेले. शेवटची सहा वर्षं तिला समोरचा माणूस दिसत नव्हता. धाकटाच तिचा हात धरून तिला घरभर फिरवायचा, "आई, आता उंबरा, आता स्टूल," असं सांगत. मला मधुमेह होऊन नऊ वर्षं झाली. रोज सकाळी एक गोळी घ्यायची, चहात साखर नाही, पण चहाबरोबर चार बिस्किटं. डॉक्टरांना ती चार बिस्किटं मी कधी सांगितली नाहीत. विचारलंच नाही त्यांनी, मी कशाला सांगू?

माझं पोट शिवणयंत्रावर. पुढच्या खोलीत खिडकीखाली यंत्र, भिंतीला कपड्यांच्या गठ्ठ्यांची फळी, बस्स. गेल्या वर्षी सुईचं नाक मला दोन दिसायला लागलं. दोरा एका नाकात घालायला जावं तर ते नाक खरं नसायचं! मी हसण्यावारी नेलं. पण एकदा मी पँटची शिलाई सरळ म्हणून घातली आणि ती नागमोडी निघाली. गिऱ्हाईक काही बोललं नाही, मी मात्र यंत्रावर डोकं टेकून रडले. डॉक्टर म्हणाले, "साखर अशीच राहिली तर वर्ष-दोन वर्षांत डोळ्यांचं काही खरं नाही. आपण इन्सुलिन सुरू करू." मी म्हटलं, विचार करून सांगते. धाकटा शेजारीच बसला होता. त्याने माझा हात धरला तो रिक्षात बसेपर्यंत सोडला नाही. त्याला आईच दिसत असणार.

त्याच सुमाराला कॉलेजात मॅडमचं काम सुरू झालं. मॅडम म्हणजे तिथल्या प्राध्यापिका, वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, पण शिस्तीच्या. त्यांनी एका झाडाच्या पानांचा अर्क मधुमेहावर चालतो का, हे उंदरांवर बघायला घेतलं होतं. एक महिन्याचा प्रयोग. पाच पिंजरे, पाच बाटल्या, पाच रंगांची झाकणं. एका बाटलीत औषधच नाही, नुसतं डिंकाचं पाणी. एकीत बाजारात मिळणारी मधुमेहाची गोळी कुटून घातलेली, कारण अर्क तिच्या तोडीस तोड आहे का ते बघायला नको? आणि उरलेल्या तीन बाटल्यांत अर्क, कमी, मध्यम आणि जास्त. कोणत्या झाकणाखाली काय, हे मॅडम कुणाला सांगत नव्हत्या. धाकट्यालाही नाही. कारण काय, तर ज्या औषधावर आपला जीव, त्याच्या उंदराचा आकडा माणूस नकळत कमीच वाचतो. पाचही बाटल्या काळपट काचेच्या, रंग मिसळून पाचांतलं औषध एकसारखं हिरवट मातकट केलेलं.

पण धाकट्याला वाटलं, मला कोण फसवणार! तो सुई वाचायचा. म्हणजे औषध पाजून झालं की ती वाकडी सुई धुताना बघायची. अर्क असेल तर सुईच्या पोटात हिरवा गाळ अडकतो, दोनदा धुवावी लागते. गोळी असेल तर एका पाण्यात लख्ख. सव्वीस वर्षांत त्याचा हा अंदाज कधी चुकला नव्हता म्हणे.

पहिल्या आठवड्यात दोन पिंजऱ्यांची साखर उतरली. लाल झाकणाची थोडी, पिवळ्याची भरपूर. लाल झाकणाची सुई लख्ख निघायची. पिवळ्याच्या सुईत हिरवा गाळ. झालं! धाकट्याच्या डोक्यात गणित सुटलं. आयुष्यात पहिल्यांदा सुटलं, आणि तेच चुकलं.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला तो चपला न काढताच. "ताई, लाल म्हणजे गोळी आणि पिवळं म्हणजे आपलं पान! पानाने गोळीला मागे टाकलं! मी दळलेलं पान!" त्याचे डोळे पाण्याने भरले होते. मी यंत्र थांबवलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण तो इतका खूश मी त्याला त्याच्या लग्नातही पाहिला नव्हता.

आठवडा संपला की बाटल्यांत उरलेलं औषध बेसिनमध्ये ओतायचं आणि मॅडम नवं भरायच्या. ओतायचं काम धाकट्याचं. चार बाटल्या त्याने ओतल्या. पाचवी खोकल्याच्या औषधाच्या धुतलेल्या बाटलीत भरून माझ्याकडे आणली. ज्या माणसाने सव्वीस वर्षांत तिथली टाचणी उचलली नाही, त्याने! "फेकायचंच होतं गं," म्हणाला. पण माझ्याकडे बघत नव्हता.

"तू घेऊन बघितलंस का?" मी विचारलं.

"छे! प्रयोगशाळेतलं काही तोंडाला लावायचं नाही, असा नियम आहे."

"आणि मी कोण रे?"

"तू प्रयोगशाळेत थोडीच आहेस!"

असा हा शहाणा. मी हसले. आपण दोघं किती मूर्ख आहोत, हे तेव्हा कळतं तर!

"रोज सकाळी दोन चमचे, चांगलं हलवून," त्याने सांगितलं. "आणि डॉक्टरांची गोळी सोडायची नाही हं. दोन्ही घे. झाडपाला आहे, त्याने अपाय होत नाही." मग त्याने स्वतः चमचा भरला आणि माझ्या तोंडाशी धरला, लहानपणी मी त्याच्या तोंडाशी धरायची तसाच. "कडू लागेल. दळताना नुसती धूळ घशात गेली तरी दिवसभर तोंड कडू राहतं. पण कडू आहे म्हणजे अस्सल आहे." मी गिळलं. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. "कडू आहे ना?"

"कडूजहर!" मी म्हटलं आणि तोंड वेडंवाकडं केलं.

तो टाळी वाजवून हसला.

दहा दिवसांत माझी साखर उतरली. खोटं कशाला सांगू, फरक पडला. उपाशीपोटी दोनशे चाळीस असायची, ती एकशे तीसवर आली. डॉक्टर म्हणाले, "वा! पथ्य पाळताय वाटतं." मी मान डोलावली. बाहेर येऊन मी आणि धाकटा शाळकरी पोरांसारखे खिदळलो. सुईचं नाक थोडं कमी हलायला लागलं, निदान मला तसं वाटलं. धाकट्याने मनातल्या मनात मॅडमना बक्षीसही देऊन टाकलं होतं. पेपरात बातमी येईल, मग तो सांगेल, सगळ्यात आधी हे औषध माझ्या ताईने घेतलं. तोवर गप्प राहायचं.

चौदाव्या दिवशी बाटली संपत आली. तळाशी दाट साका बसला होता. हलवून घे, असं तो रोज सांगायचा आणि मला रोज कंटाळा. इतकं मोलाचं औषध वाया कसं घालवायचं? मी बाटलीत पाणी घातलं, खळखळून हलवलं आणि सगळं पिऊन टाकलं. वर नेहमीची गोळी. त्या दिवशी मला बारा पडदे संपवायचे होते. जेवण राहिलं. बिस्किटंही राहिली, कारण साखर उतरल्यापासून मी शहाण्यासारखी ती सोडली होती!

दुपारी पडद्याची शिलाई घालता घालता हात थरथरायला लागले. अंगाला दरदरून घाम. मला वाटलं, पंखा बंद पडला. वर बघितलं तर पंखा चालू. तेवढंच आठवतं.

पडद्यांची मालकीण माप बघायला आली तेव्हा मी यंत्राखाली पडले होते, पाय अजून पायडलवर. तिने आरडाओरडा केला, लोकांनी उचलून मला दवाखान्यात नेलं. साखर बत्तीस! बत्तीस हा काय जिवंत माणसाचा आकडा झाला? शिरेतून साखर दिली, मी डोळे उघडले. धाकटा समोर उभा होता, पांढराफटक. मी म्हटलं, "पडदे." त्याला हसू आलं. सगळ्यांना वाटलं, संपलं, गंडांतर टळलं.

तासाभरात मी पुन्हा बेशुद्ध झाले. पुन्हा साखर दिली, पुन्हा शुद्धीवर आले, पुन्हा गेले. डॉक्टरांचा चेहरा बदलला. एका गोळीने असं होत नाही, म्हणाले. त्यांनी धाकट्याला व्हरांड्यात नेलं. "यांनी आणखी काय घेतलंय? आत्ता सांगा. काय घेतलंय ते कळल्याशिवाय किती वेळ लढायचंय तेच मला कळणार नाही."

धाकटा म्हणाला, "पानांचा अर्क, साहेब. निव्वळ पानांचा."

"कोणतं पान? किती? दाखवा मला."

बाटली तर मी धुऊन प्यायले होते. आता बाटलीत काय, हे खात्रीने सांगणारं माणूस एकच. धाकटा धावत सुटला. दोन चौक, कॉलेजचं फाटक, तीन जिने. हे सगळं मला नंतर मॅडमनीच सांगितलं. तो आत आला तेव्हा त्या पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या तपासत होत्या. त्याला श्वास पुरत नव्हता. "मॅडम, पिवळ्या झाकणात किती ताकदीचा अर्क आहे?"

मॅडम म्हणाल्या, "मामा, तुम्हाला माहीत आहे, मी सांगू शकत नाही. सांगितलं की महिन्याचं काम पाण्यात."

तेव्हा त्याने सांगितलं. उभ्या उभ्या, सगळं. बाटली, चमचा, ताई, बत्तीस.

मॅडम म्हणतात, मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग त्यांनी हातातला कागद खाली टाकला. "पिवळ्यात अर्क नाही, मामा. पिवळ्यात गोळी आहे." आणि गोळीचं नाव सांगितलं.

ती तीच गोळी होती. माझ्या यंत्राच्या खणात, बॉबिनच्या डबीशेजारी पडलेली, डॉक्टरांनी नऊ वर्षं लिहून दिलेली. एक मी पाण्याबरोबर गिळत होते आणि तीच मी वर चमच्याने पीत होते. त्या दिवशी तर तळाचा सगळा साका!

धाकटा ऐकायलाच तयार नव्हता. "शक्य नाही मॅडम. पिवळ्याच्या सुईत हिरवा गाळ निघतो. रोज निघतो. मी स्वतः धुतो!"

मॅडम त्याच्याकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुम्हाला सुईवरून कळतं हे मला माहीत होतं, मामा. सगळ्या कॉलेजला माहीत आहे. म्हणून तर मी सगळ्यात जास्त ताकदीचा अर्क दोनदा बारीक गाळून घेतला आणि गोळीत चोथा घातला."

"कुठला चोथा?"

"तुमचाच. तुम्ही ट्रेमध्ये टाकलेला."

ज्यातलं सत्त्व त्याने स्वतःच्या हाताने थेंबन्‌थेंब काढून घेतलं होतं, तो चोथा! धाकटा तिथेच पिंजऱ्यांसमोर खाली बसला. मॅडमनीच डॉक्टरांना फोन लावला, गोळीचं नाव सांगितलं, एका चमच्यात किती, तळाशी किती असू शकेल, सगळं. डॉक्टरांना जे हवं होतं ते मिळालं. दोन दिवस आणि दोन रात्री माझ्या हाताला साखरेची सुई लागून होती आणि दर तासाला बोट टोचलं जात होतं. तिसऱ्या दिवशी मी नीट शुद्धीवर आले, आणि हे सगळं ऐकलं. मला आधी वाटलं, मी अजून भ्रमात आहे. मग धाकट्याकडे बघितलं आणि कळलं की नाही, खरं आहे.

मॅडमचा प्रयोग बाद झाला. दोष नसताना त्या मला बघायला आल्या आणि माझी माफी मागायला लागल्या. मीच ओशाळले. त्यांनी जाता जाता सांगितलं की लाल झाकण म्हणजे जास्त ताकदीचा अर्क होता. उंदरांची साखर त्याने खरंच थोडी उतरवली होती. पण उंदरांचीच, आणि थोडीच. माणसापर्यंत यायला अजून किती वर्षं, किती परीक्षा, येईल की नाही हेही त्यांना माहीत नाही. आता सगळं पहिल्यापासून, नवे उंदीर, नव्या बाटल्या. धाकट्याने स्वतःच्या हाताने कबुलीचं पत्र लिहून दिलं. दोन महिने त्याला घरी बसवलं. परत गेल्यावर त्यानेच सांगितलं, मला बाटल्यांना हात लावू देऊ नका, मी नुसती पानं वाळवीन. पोरं अजून मामा मामा करतात. हा भांड्याला नाक लावत नाही. "तुमचं तुम्ही बघा," म्हणतो. ज्या माणसाची छाती फुगून बटण तुटायचं, त्याला मी आता शर्ट आत घेऊन दिलेत.

मी इन्सुलिन सुरू केलं. बिस्किटांचंही डॉक्टरांना सांगून टाकलं. ते म्हणाले, "नऊ वर्षं?" मी म्हटलं, "नऊ वर्षं." त्यांनी पेन खाली ठेवलं.

पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती.  धाकटा रोज सकाळी कामावर जायच्या आधी माझ्याकडे यायला लागला होता. माझं इंजेक्शन बघायचा, मग खिडकीशी बसून दिवसभर पुरतील अशा बारा सुयांत दोरे ओवून द्यायचा.  एक दिवस सुई ओवता ओवता म्हणाला, "ताई, मी डोकं फोडून घेतो, पण मला कळत नाही. ते कडू कसं लागलं गं तुला? गोळी आणि सत्त्व गेलेला चोथा. मॅडमनी जीभ लावून बघितली. नुसता डिंक लागतो, म्हणाल्या."

माझे हात शिवणावरच थांबले.

"कडू नव्हतं," मी म्हटलं.

त्याला कळलंच नाही. "काय?"

"कडू नव्हतं रे. पहिल्या चमच्यालाही नव्हतं. डिंकच लागला होता. तू इतका आशेने बघत होतास. नाही म्हटलं असतं तर तुझा चेहरा पडला असता. म्हणून कडूजहर म्हटलं."

तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या हातातल्या सुईतून दोरा हळूहळू निसटून खाली गेला. सव्वीस वर्षं उंदरांच्या तोंडात सुई घालणारा माणूस. उंदीर चव सांगत नाहीत. पहिल्यांदाच त्याच्या औषधाची चव सांगू शकणारं कुणीतरी समोर होतं, आणि ते खोटं बोललं होतं. मी बोलले होते, जिने त्याला वाढवलं तीच.

"तू नुसतं नाही म्हणाली असतीस," तो म्हणाला, "तर मला तिथेच कळलं असतं. तिथल्या तिथे, ताई. मी बाटली ओतून टाकली असती."

 मला वाटलं, आता हा उठून जाईल आणि पुन्हा येणार नाही. गेला असता तरी मी त्याला काय म्हणणार होते? पण तो खाली वाकला, दोरा उचलला, टोक ओठात धरून ओलं केलं आणि सुईत पुन्हा घातला. अकरा झाल्या होत्या. बारावी टोचून ठेवली.

दुसऱ्या दिवशी तो आला, वेळेवर. माझ्यासमोर ग्लास ठेवला. डॉक्टरांनी डोळ्यांसाठी नवी गोळी दिली आहे, ती मी तोंडात टाकली. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, अगदी त्या दिवशीसारखा.

"कशी लागते?" त्याने विचारलं.

मी गोळी जिभेवर फिरवली. नीट, घाई न करता.

"खडूसारखी," मी म्हटलं. "आणि थोडी आंबट."

त्याने मान हलवली आणि सुयांची डबी पुढे ओढली. आता तो रोज विचारतो. आणि मी रोज खरं सांगते.